ग्रुप केला, डिस्ककॅश लावला, तरी न्यूक परत परत पहिल्यापासून का मोजतो?

न्यूक म्हणजे आमचं कॉम्पोझिटिंगचं सॉफ्टवेअर, वेगवेगळी चित्रं एकत्र करून शॉट बनवायचं. त्यात प्रत्येक काम म्हणजे एक नोड, आणि चित्र वरच्या नोडकडून खालच्याकडे जातं. डिस्ककॅश म्हणजे एकदा मोजलेल्या फ्रेम्स डिस्कवर साठवून ठेवणारा नोड. वरचा प्रश्न महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, काल रात्री परत आला. मी घोडबंदर रोडला मानपाड्याच्या सिग्नलला अडकलेलो आणि स्टुडिओतल्या नवीन पोराचा व्हॉइस मेसेज, "दादा, अख्खं कीइंग ग्रुपमध्ये टाकलं, मागे डिस्ककॅश पण लावला, तरी प्ले दाबलं की पहिल्या फ्रेमपासून मोजत बसतो, उद्या सकाळी क्लायंट येणारे, काय करू?" मी म्हटलं आधी जेवून घे. मग घरी पोचून रिमोटने त्याच्या मशीनवर शिरलो, दीड तास गेला, आणि एक सोडून चार कारणं निघाली, त्यातलं एक इतकं फालतू होतं की मलाच हसू आलं. म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आमचं सेटअप सांगतो म्हणजे अंदाज येईल. वागळे इस्टेटमध्ये छोटा स्टुडिओ, मोजकी मशीन्स, एक नॅस (सगळ्यांची सामायिक स्टोरेज), गिगाबिट नेटवर्क. शॉट ३८४० बाय २१६०, १२० फ्रेम्स. ग्रीन स्क्रीनची प्लेट (मूळ शूट), त्यावर डीनॉइज (दाणे काढणारा), दोन कीअर (हिरवा रंग काढून माणूस वेगळा करणारे), थोडं क्रोनॉसने स्लो केलेलं, शेवटी झेडडीफोकस (अंतराप्रमाणे धूसर करणारा). म्हणजे काही आभाळ फाटेल एवढं मोठं कॉम्प नाही, रोजचंच काम.

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका. ग्रुप म्हणजे कॅश नाही. कंट्रोल जी दाबून पन्नास नोड्सचा एक नोड केला की नोड ग्राफ छान सुटसुटीत दिसतो, पण ग्रुप हा नुसता डबा आहे, कच्चे पोहे डब्यात भरून झाकण लावलं म्हणून ते शिजत नाहीत. प्ले दाबलं की आतले पन्नासच्या पन्नास नोड्स आधीसारखेच चालतात. गिझ्मोचं पण तेच, फरक एवढाच की गिझ्मो वेगळ्या फाईलमध्ये सेव्ह होतो आणि ग्रुप स्क्रिप्टच्या आतच राहतो. बॅकड्रॉप तर नुसता मागे लावलेला रंगीत कागद. फ्यूजनवाल्यांनी (ते दुसरं कॉम्पोझिटिंग सॉफ्टवेअर) पण हसू नका, तुमच्याकडे ग्रुप आणि मॅक्रोचं हेच आहे, टूलवर राइट क्लिक करून कॅश टू डिस्क वेगळं सांगावं लागतं. "ग्रुप केला तरी स्लो" ही तक्रारच चुकीची आहे, ग्रुप केल्याने फास्ट होईल असं कोणी सांगितलंच नव्हतं.

आता डिस्ककॅश लावूनसुद्धा परत का मोजतो ते. न्यूक प्रत्येक नोडसाठी एक हॅश काढतो, म्हणजे त्या नोडच्या सगळ्या सेटिंग्ज आणि त्याच्या वर जोडलेल्या सगळ्या नोड्सच्या सेटिंग्ज मिळून एक लांबलचक आकडा. कॅशमधली फ्रेम त्या आकड्याच्या नावाने ठेवलेली असते. वर कुठेतरी, अगदी पार प्लेटजवळच्या ग्रेडमध्ये गॅमा ०.०१ ने हलवला तरी खालच्या सगळ्यांचा आकडा बदलतो आणि जुनी फ्रेम डिस्कवर पडलेली असूनही तिला कोणी विचारत नाही. आणि याची उलटी गंमत, अनडू मारून तुम्ही जुन्या सेटिंगला परत आलात की आकडा परत जुना होतो आणि फ्रेम्स झटक्यात परत येतात. ही टेस्ट आधी करून बघा. अनडू केल्यावर फ्रेम्स परत येत असतील तर तुमची कॅश ठणठणीत आहे, तुम्हीच वरचं काहीतरी हलवताय.

कालचं पहिलं कारण हेच. मी विचारलं डिस्ककॅश कुठंय, तर म्हणाला ग्रुपच्या बाहेर, एकदम शेवटी. आणि तू हलवतोयस काय? तर ग्रुपच्या आतला रोटो (हाताने काढलेला मास्क). अरे मग कॅश राहील कशी! तू रोटोचा एक पॉइंट सरकवलास की त्याच्या खालचा डिस्ककॅश बाद, आणि त्यासाठी वरचं डीनॉइज परत पहिल्यापासून. ज्याला आता हात लावायचा नाही असं जड काम वर, लगेच त्याच्या खाली डिस्ककॅश, आणि ज्याच्याशी दिवसभर खेळायचंय ते सगळं त्याच्या खाली. यासाठी ग्रुपच्या आत शिरावं लागलं तर शिरा, कंट्रोल एंटरने ग्रुपचा आतला ग्राफ उघडतो. त्याच्या ग्रुपमध्ये डीनॉइजच्या लगेच खाली एक डिस्ककॅश टाकला, शेवटचा काढून टाकला.

टाईमवाले नोड्स असतील तर अजून एक. क्रोनॉस, ओफ्लो, फ्रेमब्लेंड, टाईमब्लर, टेम्पोरलमीडियन, हे सगळे एका फ्रेमसाठी वरच्याकडे अनेक फ्रेम्स मागतात. पाच फ्रेम्सचा फ्रेमब्लेंड लावला तर वरची एकच फ्रेम वेगवेगळ्या वेळी पाच जणांना लागते, आणि वर डीनॉइज बसलेला असेल तर हिशोब तुम्हीच करा. त्यामुळे अशा नोडच्या आधी डिस्ककॅश पाहिजेच, नंतर लावलात तर थोडा फायदा, आधी लावलात तर खरा. बरेच लोक नेमकं उलटं करतात, "क्रोनॉस जड आहे म्हणून त्याच्या मागे लावला". क्रोनॉस जड आहेच, पण वरच्यांना सारखा सारखा कामाला लावतो ते पण धरा ना.

एवढं केलं, प्ले दाबलं, एकदा पूर्ण मोजून होऊ दिलं, परत प्ले... आणि परत मोजायला लागला. कशालाही हात न लावता! इथे मी पण जरा गप्प झालो.

अशा वेळी अंदाजाने नोड्स डिसेबल करत बसू नका, हॅशच बघा. स्क्रिप्ट एडिटर उघडा आणि पायथनमध्ये सिलेक्टेड नोडवर ऑपहॅशेस ही मेथड चालवून प्रिंट करा, ओ लहान आणि एच कॅपिटल. मोठमोठे आकडे येतील. काहीही न हलवता दहा सेकंद थांबा, त्याच फ्रेमवर परत प्रिंट करा. आकडे तेच आले पाहिजेत. बदलले तर त्या नोडच्या वर कोणीतरी आपोआप हलतंय. मग झाडाच्या मधोमध एक नोड निवडा, तीच टेस्ट, तिथे स्थिर असेल तर भानगड त्याच्या खाली, बदलत असेल तर वर. असं अर्ध्या अर्ध्याने गेलात की शंभर नोड्समध्ये पण सहा-सात वेळात चोर सापडतो.

आम्हाला पाचव्या वेळी सापडला. ग्रुप त्याने शून्यातून बनवलेला नव्हता, जुन्या प्रोजेक्टमधून कॉपी करून आणलेला. त्यात कोणीतरी कधीतरी डेलीजसाठी (रोजचं काम दाखवायला) बर्न-इनचा, म्हणजे चित्रावर मजकूर छापणारा टेक्स्ट नोड ठेवला होता, कोपऱ्यात शॉटचं नाव आणि त्याच्या बाजूला डेट कमांडने काढलेली वेळ, तास मिनिट सेकंदासकट. ओपॅसिटी शून्य केलेली त्यामुळे दिसत काहीच नव्हतं. पण दिसत नसलं तरी नोड पाइपमध्ये होता, दर सेकंदाला त्याचा मजकूर बदलत होता, म्हणजे दर सेकंदाला हॅश बदलत होता, आणि आपला डिस्ककॅश त्याच्या खाली बिचारा दर वेळी नवीन नावाच्या फ्रेम्स लिहीत बसला होता. नोड उडवला, विषय संपला. कोणी ठेवला होता ते विचारू नका, मला संशय आहे की मीच.

तर कॉपी केलेल्या ग्रुपमध्ये हे शोधा. वेळ किंवा तारीख घेणारं कुठलंही एक्स्प्रेशन (सेटिंगमध्ये लिहिलेलं सूत्र), पायथनची घड्याळ वाचणारी एक्स्प्रेशन्स, आणि क्लोन. क्लोन म्हणजे ऑल्ट के ने केलेले, दुसऱ्या कुठल्या तरी शाखेत तुम्ही निवांत त्याची जुळी कॉपी हलवता आणि इकडची कॅश जाते, आणि तुम्हाला वाटतं मी तर याला हातच लावला नाही. फ्रेम नंबरवर चालणारं एक्स्प्रेशन मात्र चालतं, त्या फ्रेमला उत्तर दर वेळी तेच येतं.

आता तिसरं, साइज. इथे गणित करावंच लागतं आणि लोक करत नाहीत. न्यूक आतमध्ये ३२-बिट फ्लोटमध्ये मोजतो, म्हणजे एका पिक्सेलच्या एका चॅनलला ४ बाइट. ३८४० बाय २१६० म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल, एका चॅनलचे ३३ एमबी, आरजीबीए चार धरले की एका फ्रेमचे जवळजवळ १३३ एमबी, कॉम्प्रेशन न धरता. १२० फ्रेम्स म्हणजे १६ जीबी. आणि प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सच्या खाली कॅशिंगमध्ये जाऊन बघितलं तर त्याच्या मशीनवर डिस्क कॅशची मर्यादा किती? १० जीबी. म्हणजे मावतात ७५-८० फ्रेम्स, बस.

कोणी म्हणेल मग निदान ७५ तरी पटकन चालतील की. नाही चालत, आणि हीच गोष्ट लोकांना पटत नाही. समजा सोसायटीत ७५ गाड्यांची जागा आहे आणि १२० गाड्या ओळीने आत येतायत, वॉचमन नियम पाळतो की जागा संपली की सगळ्यात जुनी गाडी बाहेर काढायची. ७६वी आली, पहिली बाहेर. ७७वी आली, दुसरी बाहेर. असं १२० पर्यंत गेलं की आत कोण आहे? ४६ ते १२०. आणि लूप परत सुरू झाल्यावर पहिली गाडी दारात येते तेव्हा तिची जागा नाही, तिला आत घ्यायला ४६वी बाहेर, मग दुसरीसाठी ४७वी, आणि तुम्ही ४६ला पोचाल तोपर्यंत ती नेमकी गेलेली. म्हणजे जागा अर्ध्याहून जास्त असून एकही गाडी वेळेवर सापडत नाही. अख्खा शॉट मावेल एवढी कॅश द्या, नाहीतर प्ले रेंज ६० फ्रेम्सची करून तुकड्यात बघा, मधलं काही उपयोगाचं नाही.

डिस्ककॅश नोडमध्ये चॅनल्सचा ड्रॉपडाऊन आहे तो पण बघा. थ्रीडीकडून आलेली मल्टिलेयर ईएक्सआर (एकात अनेक चॅनल्स ठेवणारी इमेज फाईल) असेल, ४० चॅनल्स, आणि तिथे ऑल ठेवलं असेल, तर पूर्ण भरल्यावर एका फ्रेमचे सव्वा जीबीच्या वर जातात, १० जीबीत सात फ्रेम्स! गरज नसेल तर आरजीबीए करा, किंवा डिस्ककॅशच्या आधी रिमूव्ह नोड टाकून कीप वर ठेवा आणि लागतील तेवढेच चॅनल्स खाली सोडा. बाउंडिंग बॉक्स पण बघा, ट्रान्सफॉर्म आणि ब्लर करून करून बॉक्स फ्रेमच्या दुप्पट झालेला असतो, न दिसणारे पिक्सेल पण मोजले जातात. एक क्रॉप टाकला की जीव हलका होतो.

चौथं कारण झूम. व्ह्यूअर फिटवर ठेवून, म्हणजे झूम कमी असताना, न्यूक सगळ्या ओळी मोजत नाही, स्क्रीनवर दिसायला लागतील तेवढ्याच मोजतो, आणि डिस्ककॅश पण खालून मागितलेल्या ओळीच साठवतो. पोरगा फिटवर ठेवून प्ले करायचा, कॅश झाली म्हणून खुश व्हायचा, मग केसांची की बघायला १०० टक्क्यावर यायचा आणि परत मोजणी चालू. ही बिघाडी नाही, मधल्या ओळी कधी मोजल्याच नव्हत्या. यासाठी डिस्ककॅशमध्ये प्रीकॅशचं बटण आहे, फ्रेम रेंज द्या, दाबा आणि चहा पिऊन या. प्रॉक्सी मोड (कमी रिझोल्यूशनवर काम) चालू बंद करत असाल तर तेही लक्षात ठेवा, प्रॉक्सीच्या फ्रेम्स वेगळ्या आणि फुलच्या वेगळ्या.

बाकी किरकोळ. कॅशचा फोल्डर विंडोजवर डिफॉल्टने युजरच्या टेम्पमध्ये न्यूक नावाने असतो, म्हणजे सी ड्राइव्हवर, जो बहुतेकांचा लाल झालेला असतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बनवून तो दुसऱ्या एसएसडीवर न्या, नाव न्यूक टेम्प डिर, सगळं कॅपिटल आणि मध्ये अंडरस्कोअर. नॅसवर नेऊ नका, कृपा करा. टेम्प साफ करणारी सॉफ्टवेअर्स आणि विंडोजचं स्टोरेज सेन्स पण टेम्पमधल्या फाईल्स उडवतात, रोज सकाळी कॅश गायब असेल तर हे तपासा.

आणि कधी कधी स्लो असतो तो हिशोब नसतोच, फाईल वाचणं असतं. गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी, प्रत्यक्षात त्याहून कमी, आणि ते पण तुम्ही एकटे असाल तर. १०० एमबीची ईएक्सआर असेल तर सेकंदाला एक फ्रेम यायची मारामार. तिथे डिस्ककॅशपेक्षा रीड नोडचं लोकलायझेशन चालू करा, फाईल्स तुमच्या मशीनवर कॉपी होतात. कुठे वेळ जातोय ते कळत नसेल तर न्यूक कमांड लाइनवरून हायफन कॅपिटल पी देऊन चालू करा, प्रत्येक नोडवर किती वेळ गेला ते दिसतं. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की मी आठवडाभर चुकीच्या नोडला शिव्या देत होतो.

"क्लिअर ऑल करू का दादा?" हे पण सगळे विचारतात. नको. चित्र चुकीचं दिसत असेल, ओळी फाटलेल्या असतील, तेव्हा कॅश क्लिअर करा. सारखं मोजतोय म्हणून क्लिअर केलंत तर जे थोडंफार होतं ते पण घालवलंत. एकाच नावावर परत रेंडर केलं आणि रीड नोड जुनंच दाखवतोय, हा वेगळा आजार, त्याला रीड नोडमधलं रीलोडचं बटण पुरतं. खरं तर एकाच नावावर रेंडर करूच नका, व्हर्जन वाढवा, रीड निवडून ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की पुढच्या व्हर्जनला जातो.

आता माझं स्पष्ट मत. डीनॉइज लॉक झालं, लीडने ओके म्हटलं, तर त्याला कॅशवर ठेवूच नका. राइट नोड लावा, ईएक्सआर काढा, रीड करून त्याच्या खाली काम करा. यालाच प्रीकॉम्प म्हणतात, आणि प्रीकॉम्प म्हटलं की पोरं नाकं मुरडतात, पण कॅश तुमच्या मशीनची, स्क्रिप्ट ऐरोलीच्या फ्रीलान्सरला पाठवली की त्याच्याकडे शून्यापासून चालू, प्रीकॉम्प मात्र सगळ्यांना दिसतो. राइट नोडमध्ये रीड फाइलचा चेकबॉक्स आहे, तो टिक केला की तोच नोड रेंडर झालेली फाईल वाचायला लागतो, वेगळा रीड पण नको. कॉम्प्रेशन झिप वन स्कॅनलाइन ठेवा, न्यूक ओळीओळीने वाचतो त्याला तेच मानवतं.

फक्त बिट डेप्थ आंधळेपणाने १६ ठेवू नका. रंगाला हाफ फ्लोट (म्हणजे १६-बिट) उत्तम, डेप्थ, पोझिशन, एसटीमॅप (कुठला पिक्सेल कुठून घ्यायचा ते सांगणारं चित्र) आणि क्रिप्टोमॅटला (वस्तूवार मास्क देणारी माहिती) ३२ च. एसटीमॅपचं उदाहरण घ्या, हाफमध्ये ०.५ ते १ च्या मध्ये सगळ्यात लहान पायरी १/२०४८ ची आहे, ३८४० रुंदीवर ती पायरी जवळजवळ दोन पिक्सेलची होते. उजव्या बाजूच्या कडा पायऱ्या पायऱ्यांच्या दिसायला लागतात आणि लोक लेन्स डिस्टॉर्शनला दोष देतात.

प्रीकॉम्प काढताना अजून एक फसवणूक होते. जड नोड्सच्या डिसेबलमध्ये डॉलर गुई हे एक्स्प्रेशन टाकलेलं असतं, म्हणजे काम करताना बंद, कमांड लाइनने रेंडरला चालू. छान आयडिया आहे, मी पण वापरतो, पण मग व्ह्यूअरमध्ये दिसतं ते वेगळं आणि रेंडर होऊन येतं ते वेगळं, आणि पोरगं म्हणतं कॅश खराब झाली. आधी तो नॉब, म्हणजे नोडची ती सेटिंग, बघा.

ग्रुपमध्ये टाकल्यावर एक्स्प्रेशनच तुटलं, लाल झालं, असं असेल तर तो कॅशचा प्रश्न नाही. आतला नोड बाहेरच्या नोडचं नाव घेऊन शोधत असेल तर गोंधळ होतो. मॅनेज युजर नॉब्समधून ग्रुपवर एक नॉब काढा, आतल्या एक्स्प्रेशनमध्ये पॅरेंट डॉट त्या नॉबचं नाव लिहा, मग ग्रुप कुठेही नेला तरी तुटत नाही.

काल शेवटी काय केलं: टेक्स्ट नोड काढला, डिस्ककॅश डीनॉइजच्या खाली आणला, कॅश १० ची ४० जीबी केली आणि टेम्प दुसऱ्या एसएसडीवर नेला, १०० टक्क्यावर प्रीकॅश लावून दिला. सव्वाबारा वाजले होते. तो म्हणाला दादा आता थांबतोच, पहिली लोकल पकडतो.

एवढं करून पण होत नसेल तर नुसतं "दादा चालत नाहीये" पाठवू नका. फ्रेम साइज, किती फ्रेम्स, डिस्ककॅश नेमका कुठल्या नोडच्या खाली आहे त्याचा स्क्रीनशॉट, त्यातले चॅनल्स, कॅशची मर्यादा, आणि दहा सेकंदांच्या अंतराने काढलेले ऑपहॅशेसचे दोन प्रिंट, एवढं पाठवा. आणि ग्रुप कोणाकडून कॉपी केलाय ते पण सांगा.